कोठारातली सगळ्यात लांब साखळी

फार जुनी गोष्ट आहे. माणसानं पहिलं शेत नांगरलं, त्याच्याही आधीची. एका रानात ओढ्याकाठी रानवालाचा वेल होता आणि त्याच्या शेंगेतल्या एका दाण्यात एक गाव होतं. हसू नका. मुंगीलाही पत्ता लागू नये इतकं बारीक गाव, पण छाती फुगवून सांगतो, मोठमोठ्या राजधान्यांना जमली नाहीत अशी कामं त्या गावानं केली.

गावात एक मावशी होती. साखळ्या ओवणं हे तिचं काम. वेल देठातून साखरेचे सुटे मणी पाठवायचा आणि मावशी ते एकाला एक जोडायची. दर जोडाला थोडी ऊब खर्ची पडायची आणि पाण्याचा एक थेंब बाहेर पडायचा. मावशीनं कसली कसर ठेवली नाही. कोठार आढ्यापर्यंत भरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती साखळ्या दाखवायची आणि असा हात दुसऱ्या कोणाचा असेल तर आणून दाखवा, म्हणायची. कोणी आणून दाखवला नाही.

त्याच गावात तोड्या राहायचा. त्याला जोड सोडवणं तेवढं यायचं. जोडावर पाण्याचा एक थेंब सोडला की मणी सुटा. पण भरल्या गावात असल्याला कोण विचारतो? लोक त्याला घरबुडव्या म्हणायचे आणि तो ऐकून घ्यायचा.

पुढे वेल सुकला, शेंग तडकली, दाणा मातीत पडला. गाव कोरडं पडलं आणि झोपी गेलं.

मग एकदा ओढ्याचं पाणी पाझरत पाझरत दाण्यापर्यंत आलं. दाणा फुगला, गाव जागं झालं. गावाच्या मधोमध होता कोंब, साऱ्या दाण्याचा एकुलता एक वारस. त्याच्यासाठीच तर एवढं साठवलेलं. त्याला भूक लागली होती, आणि बाहेर ओल्या मातीत बुरशी सालीला कुरतडायला लागली होती. कोंबानं लवकर उजेड गाठला नाही तर तो जागीच कुजणार, हे पोरासोरांनाही कळत होतं.

तोड्या पाण्याची घागर घेऊन कोठाराशी आला. मावशी दारात आडवी उभी राहिली. माझ्या साखळ्यांना हात लावशील तर याद राख, तिनं सुनावलं. गावही तिच्याच बाजूचं.

तोड्या शांतपणे म्हणाला, "मावशी, कोंबाला साखळी गिळता येत नाही. तो एकेक मणीच खातो."

मावशीला ते झोंबलं. ज्याला दोन मणी जोडता येत नाहीत, तो आता मला शिकवणार! तिनं कोठारातली सगळ्यात लांब साखळी काढली आणि स्वतःच कोंबाकडे निघाली.

साखळी कोंबाच्या दारातून आत जाईना. मावशीनं आडवी घातली, उभी घातली, रेटून पाहिली. कोंबानं तिचं टोक चोखलं आणि मान टाकली. त्याचा रंग पार उतरला होता. मावशीनं ते पाहिलं. कोठार भरलेलं आणि पोर उपाशी मरतंय, तेही आपल्याच हट्टापायी.

ती तडक मागे फिरली आणि साखळी तोड्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही आधी तोड," ती म्हणाली. "हिच्याइतकी चांगली मी दुसरी केलेली नाही. मणी मात्र एकही चिरू नकोस."

तोड्यानं साखळी कपाळाला लावली. मग थेंब थेंब सोडत एकेक जोड मोकळा केला. सगळे मणी अखंड निघाले. हाही कारागीरच आहे, हे मावशीनं मनातल्या मनात कबूल केलं.

काही मणी गावच्या भट्टीत गेले आणि गावभर ऊब पसरली. उरलेले पुन्हा मावशीच्या हातात आले, कारण आता मूळ बांधायचं होतं. मणी तेच, पण या खेपेला तिनं जोड वेगळ्या तऱ्हेनं बसवले आणि कोठारात ठेवायच्या साखळीऐवजी ताठ, चिवट दोर झाले. भिंती उभ्या राहतील असे. भट्टीतली ऊब तिच्या कामाला पुरली. मुळानं माती धरली. कोंबानं साल फोडली, बुरशीला मागे टाकलं आणि डोकं वर काढलं.

एकामागून एक सगळ्या साखळ्या तोड्याकडे गेल्या; ऊन अंगावर आलं तेव्हा कोठारात एकही उरली नव्हती. मावशीची जन्माची कमाई गेली म्हणून गावकरी हळहळले. मावशी मात्र त्या हिरव्या देठाकडे बघत होती.

"गेली कुठे?" ती म्हणाली. "ती काय, उन्हात उभी आहे." मग तिनं तोड्याचा हात धरून त्याला सगळ्यांपुढे आणलं. "आम्ही दोघांनी उभी केलीय."

त्या दिवसापासून त्या गावात तोड्याला कोणी घरबुडव्या म्हटलं नाही. वेल वाढला, शेंगांनी लगडला आणि दर दाण्यात कोणी ना कोणी मणी ओवायला बसलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: जो आपलं जोडलेलं वेळेवर मोडायला देतो, त्याच्याच हातून पुढचं उभं राहतं.