काजळाची तीट लावलेलं अंडं

एका राज्यात कुणाचीच पापणी मिटत नव्हती. राजाची नाही, प्रधानाची नाही, पागेतल्या घोड्यांची नाही की पाळण्यातल्या पोरांची नाही. सहा महिने असेच गेले होते, आणि कारण म्हणाल तर अगदी एवढंसं. भर दरबारात राजाच्या खांद्यावर पाल पडली. अंगावर पाल पडणं म्हणजे अपशकुन, म्हणून राजाने पायातला जोडा काढला आणि तिला जागीच मारलं. ती साधीसुधी पाल नव्हती. तिच्या अंगावर बिबट्याचे ठिपके होते आणि डोळ्यांना पापण्या होत्या. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हे राजाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

त्या पालीची मालकीण डोंगरापलीकडची चेटकीण कंकणा. ती दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, पापणीचं मोल तुला कळलं नाही. आता तुमच्या पापण्या तुमच्या कामाच्या नाहीत."

सहा महिन्यांनी राजा अनवाणी डोंगर चढून गेला आणि तिच्या पाया पडला. कंकणाने झोळीतून तीन अंडी काढली. "माझ्या पालीची ही शेवटची. यातलं एक पिल्लू तुझ्या दरबारात पापणी लववील, त्या क्षणी शाप फिटेल. एका वेळी एकच अंडं मिळेल, बाकीची माझ्या झोळीत झोपतील. कामं तीन. ऊब द्या, ओल द्या आणि हात लावू नका."

अंडी उबवायची म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, पक्षीशाळेतल्या भिवरेचं. राजवाड्यातले बोलके राघू, साळुंक्या, मोर, सारे तीस वर्षं तिच्याच हाताखाली अंड्यातून बाहेर पडले होते. अंधाऱ्या खोलीत कवडशासमोर अंडं धरायचं आणि भरलेलं की पोकळ ते सांगून टाकायचं, अशी तिची रीत. तिचा अंदाज कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिलाही आठवत नव्हतं, आणि घात झाला तो तिथेच.

भिवरेचा नवरा गोंदाजी नगारखान्यात होता. पहाटे नगारा वाजवून शहराला उठवणं हे त्याचं काम. झोपतच नाही त्या शहराला उठवायचं कसं? म्हातारा घरी खाटेवर छताकडे बघत पडून राहायचा. त्याचे डोळे लाल झाले होते आणि अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं.

"भिवरे," तो म्हणाला, "मला काही नको. एक डुलकी दे."

"देते हो. दोन महिन्यांच्या आत देते," भिवरा म्हणाली.

पहिलं अंडं आलं. पेराएवढं, पांढरं, कातड्यासारखं मऊ. भिवरेने ते कवडशात धरलं. आत गुलाबी उजेड आणि मधोमध तांबडं कडं दिसलं. "भरलेलं आहे," ती म्हणाली आणि मडक्यातल्या ओल्या वाळूत ठेवून मडकं चुलीजवळच्या उबेला लावलं. मग पक्ष्यांच्या अंड्यांना फिरवतात तसं रोज तीनदा तिने ते हलक्या हाताने फिरवलं.

पिंजऱ्यातली म्हातारी साळुंकी म्हणाली, "भिवराबाई, हात लावू नका असं सांगितलं होतं."

"तू अंड्यात होतीस तेव्हा तुलाही मीच फिरवलं. मला शिकवू नकोस."

विसाव्या दिवशी अंडं नुसतं पिवळं दिसलं आणि त्यावर बुरशी धरली. साळुंकी म्हणाली, "आमचं पिल्लू आत तरंगतं. पालीचं पहिल्याच दिवसापासून वरच्या बाजूला चिकटतं. उलटलं की बुडतं." भिवरेने मान खाली घातली. तिला फार लाज वाटली.

दुसरं अंडं आलं तेव्हा तिने त्याच्या माथ्यावर काजळाची तीट लावली. तीट वर म्हणजे अंडं सुलटं. आता ती फिरवत नव्हती, पण अधूनमधून उचलून कवडशात बघायची. तेवढ्याने काय होतंय, असं तिला वाटे. आत तांबड्या रेघा पसरत गेल्या आणि तिला धीर आला. गोंदाजी रोज विचारायचा, "झालं का गं?" ती म्हणायची, "आलंच."

अडतिसाव्या दिवशी अंडं एका बाजूने दबलं. वर पाण्याचे थेंब आले. कवडशात धरलं तर आत काळोख, तांबडी रेघ एकही नाही. दबलेलं अंडं म्हणजे नासलेलं, आणि नासलेलं अंडं फुटून दुसऱ्यांना लागण्याआधी फोडून टाकायचं, ही पक्षीशाळेची रीत. भिवरेने नखाने ते फाडलं.

आत पुरतं वाढलेलं पिल्लू होतं. अंगभर पट्टे, इवलीशी बोटं. दोन दिवसांत ते आपणहून बाहेर आलं असतं. पोटाशी अजून बलक होता. ते एकदा हललं आणि थांबलं. त्याच्या पापण्या मिटलेल्या होत्या. साऱ्या राज्यात मिटलेल्या पापण्या त्या तेवढ्याच.

भिवरेने गोंदाजीला खरं सांगितलं. तो म्हणाला, "अजून एक आहे ना? थांबतो मी."

तिसऱ्या अंड्याला तीट लावून भिवरेने ते वाळूत ठेवलं आणि हात मांडीखाली घेतले. ती आता अंडं उचलत नव्हती. आरशाने कवडसा मडक्यात पाडून लांबूनच बघायची, वाळू सुकली की कडेने पाणी शिंपडायची. थंडी पडली, ऊब मंदावली, उबवणीचे दिवस लांबत गेले. पंचेचाळिसाव्या दिवशी गोंदाजी गेला. त्याचे डोळे उघडेच राहिले. भिवरेने त्यांच्यावर तुळशीची पानं ठेवली.

साठाव्या दिवशी अंडं दबलं. राजा स्वतः आला. "भिवराबाई, भरलेलं आहे की पोकळ?"

"ठाऊक नाही, महाराज."

"फोडून बघावं का?"

"नाही." तिने हात मांडीखालून काढले नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिटेजवळ चीर पडली आणि एक नाकाडं बाहेर आलं. मडकं दरबारात नेलं. पिल्लू वाळूवर चढलं, त्याने राजाकडे पाहिलं आणि पापणी लववली. कंकणा दारातच उभी होती. "शाप फिटला," ती म्हणाली. राजा सिंहासनावरच कलंडला. भालदार भाल्याला टेकून झोपले, पागेत घोडे झोपले. पिल्लाला कंकणाने झोळीत घेतलं. भिवरा घरी गेली आणि रिकाम्या खाटेवर पडली. तिचेही डोळे मिटले.

जाग आली. सवयीने डोळे मिटूनच ती नगाऱ्याची वाट बघत राहिली. नगारा वाजेना. मग तिला आठवलं.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं, गाई धारेसाठी हंबरत होत्या आणि सगळं शहर घोरत होतं. भिवरा नगारखान्याच्या पायऱ्या चढली. गोंदाजीच्या टिपऱ्या उचलल्या आणि जमेल तसा नगारा वाजवायला लागली. लोक डोळे चोळत बाहेर आले. हात नवा आहे, ठेका चुकतोय, असं म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

त्या राज्यात आजही पालीवर कुणी जोडा उगारत नाही आणि तीट लावलेल्या अंड्याला हात लावत नाही. गोंदाजीला मिळाली नाही ती झोप ऐकणाऱ्यांना मिळो.