रिठ्याने धुतलेलं पिल्लू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. त्या काळी जनावरं माणसांशी बोलत असत. माणसं मात्र आताच्यासारखीच अर्धवट ऐकत.

नदीकाठच्या एका गावात एक परटीण राहायची. तिच्या हाताला गुण होता. तेलकट धोतर असो की हळदीचा डाग पडलेलं लुगडं, तिच्याकडून धुऊन आलं की लोक ते उन्हात धरून डाग शोधत आणि तो सापडत नसे. मळलेलं काही दिसलं की तिला चैन पडायची नाही. शेजारणी थट्टेनं म्हणत, "हिच्या हाती चंद्र लागला तर त्याचाही डाग काढील!" तीही म्हणे, "आणून तर द्या."

बाई स्वभावाने चांगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला दुष्ट म्हणायला निघाल. दुष्टांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. ही चांगल्या बाईची गोष्ट आहे, म्हणून सांगताना जीव तुटतो.

एके सकाळी धुणी आटोपून ती गाठोडं डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. पडक्या धर्मशाळेपाशी आली तेव्हा पायरीखालून बारीक आवाज आला. वाकून पाहते तर मांजराचं पिल्लू. डोळे नुकते उघडलेले, अंग चिखलाने बरबटलेलं, मुठीत मावेल एवढा जीव. आजूबाजूला आई नाही, भावंडं नाहीत.

"अगं बाई! कुणी रे टाकलं तुला?" असं म्हणत तिने गाठोडं उतरवलं आणि पिल्लू पदरात घेतलं.

शेजारच्या माळावर एक म्हातारी गोवऱ्या वेचत होती. तिने तिथूनच हाक मारली, "पोरी, ठेव त्याला तिथंच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. याची आय येईल न्यायला."

"आणि तोवर कुत्र्यानं उचललं म्हंजे, आजी?"

"म्हणून तर सांगते, बस जरा सावलीला. राखण कर."

पण घरी भट्टी लावायची होती, कपडे उकळायचे होते. आणि खरं सांगायचं तर पदरातली ती ऊब तिला खाली ठेववत नव्हती. "जी आई लेकराला चिखलात टाकून जाते, ती कसली परत येते!" असं म्हणून ती चालू लागली. म्हातारी पुन्हा काही बोलली, पण परटीण पुढे गेली होती.

घरी आल्यावर तिने जे केलं, ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. धनगराने पिल्लू घोंगडीत गुंडाळलं असतं, माळ्याने टोपलीत ठेवलं असतं. ही पडली परटीण. तिने पाणी कोमट केलं, रिठ्याचा फेस काढला आणि पिल्लाला धुतलं. चिखल गेला तरी पुन्हा धुतलं. पार कातडीपर्यंत धुतलं. मग जुन्या मऊ लुगड्यात पुसून उन्हाला धरलं, तेव्हा कळलं की पिल्लू पांढरंशुभ्र आहे.

आळीतल्या बाया बघायला जमल्या. "काय गं माया तुझी!" एक म्हणाली. "पोटच्या पोराचं कुणी एवढं करत नाही," दुसरी म्हणाली. परटिणीचा ऊर भरून आला. आजवर लोकांनी तिच्या धुण्याची स्तुती केली होती. आज पहिल्यांदाच ते तिच्या मनाची स्तुती करत होते. गोड गोष्ट होती ती, आणि गोडाची चटक लागायला वेळ लागत नाही.

दिवस कलला तेव्हा दारात एक मांजरी आली. करड्या रंगाची, पोट खपाटीला गेलेली, पण थानं दुधाने ताठरलेली.

"बाई, माझं एक पिल्लू राहिलंय," ती म्हणाली. "पिल्लं चार आणि मला तोंड एक. तिघांना एकेक करून सुताराच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. चौथ्यासाठी आले तर जागा रिकामी. घरोघर विचारत आलेय."

परटिणीला ते द्यावंसं वाटत नव्हतं. तरी तिने पिल्लू आणून मांजरीसमोर ठेवलं. तेवढी ती सच्ची होती.

पिल्लू ओरडलं. मांजरीचे कान टवकारले. तिने त्याला हुंगलं, शेपटीपासून कानापर्यंत पुन्हा हुंगलं आणि गोंधळून मागे सरली.

"आवाज माझ्याच लेकराचा वाटतो," ती म्हणाली, "पण याच्या अंगाला माझा वास नाही. कसलातरी कडू वास येतोय. बाई, हे तुला कुठं सापडलं?"

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. धर्मशाळेच्या पायरीखाली सापडलं आणि मी ते धुतलं. पोराटोरालाही सांगता येईल इतकं सोपं. पण ओसरीवर बाया बसल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर सकाळपासून ज्याला सगळ्या माया म्हणत होत्या, ती चूक ठरली असती. शिवाय पिल्लू दुपारभर तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"इथंच, जवळपास," परटीण म्हणाली.

पिल्लू तिच्याकडे सरपटत होतं. "मग माझं नसेल," मांजरी म्हणाली. "फार रडतंय गं. याच्याही आईचा शोध घे हो." आणि पुढच्या घरी विचारायला निघून गेली.

परटिणीने शेळीचं दूध आणलं. कापसाची वात भिजवून पिल्लाच्या तोंडात पिळली. दूध हनुवटीवरून ओघळून गेलं. सकाळी पुन्हा तेच. पिल्लू आता रडत नव्हतं, नुसतं निजून होतं आणि अंग गार पडत चाललं होतं. घाबरून ती पिल्लू पदरात घेऊन म्हातारीकडे धावली आणि तिच्यापुढे सगळं बोलून मोकळी झाली. म्हातारीने कपाळावर हात मारला.

"अगं, मला काय सांगत बसलीस? जिला सांगायचं तिला सांग. पळ!"

परटीण अनवाणी धावली. सुताराच्या माळ्यावर चढली तर भुशाच्या ढिगात मांजरी तीन पिल्लांना पाजत होती.

"हे तुझंच आहे," परटीण धापा टाकत म्हणाली. "धर्मशाळेपाशी मीच उचललं. रिठ्यानं मीच धुतलं. काल तू विचारलंस आणि मी बोलले नाही."

मांजरीने पिल्लू पुढ्यात ओढलं आणि चाटायला लागली. रिठा कडू असतो. तिचं तोंड वाकडं होत होतं, ती थुंकत होती आणि पुन्हा चाटत होती. पाठ चाटली, पोट चाटलं, कानामागचा खळगा चाटला. हळूहळू तो कडू वास उतरत गेला आणि खालचा वास लागला.

"माझंच गं हे," ती म्हणाली.

तिने पिल्लाला थानाशी ढकललं. त्याचं तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा ढकललं. मग तिच्या लक्षात आलं, की पिल्लात जीव उरला नव्हता.

परटीण रडू लागली. मांजरीने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तू त्याला उचललंस, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. धुतलंस, त्याबद्दलही नाही. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. पण मी दारात येऊन विचारलं, तेव्हा तुला ठाऊक होतं."

परटीण माळ्यावरून उतरली. आळीतल्या बाया सांत्वनाला आल्या आणि म्हणाल्या, "तू काय कमी केलंस? त्याच्या नशिबातच नव्हतं." पूर्वीची असती तर तिने डोळे पुसून मान डोलावली असती. आता ती म्हणाली, "नशिबात होतं. आई दारापर्यंत आली होती." आणि तिने घडलं ते सगळं सांगितलं, आपल्या गप्प बसण्यासकट. बाया एकमेकींकडे बघत उठून गेल्या. त्यानंतर तिच्या मायेची स्तुती कुणी केली नाही, आणि गावात इतकी मांजरं असून एकही तिच्या उंबऱ्याशी कधी आलं नाही.

बोध एवढाच: दया करण्याआधी क्षणभर थांबावं, आणि चूक कळल्यावर ती सांगायला क्षणभरही थांबू नये.