सांबराचं शिंग आणि मिरी उंदरी

पळस फुलला होता, सागाची पानं गळली होती, तेव्हाची गोष्ट. रानात राहायची एक उंदरी. नाव तिचं मिरी. मिऱ्याएवढे डोळे, आणि बाकी सगळी शेपूट!

त्याच रानात होता एक म्हातारा सांबर. हा एवढा थोरला! दरवर्षी त्याचं शिंग गळायचं. धप्प! मग तो हाक मारायचा, "मिरेऽऽ, ये गं! पहिला दात तुझा!"

मिरी यायची. तुरु तुरु, तुरु तुरु.
शिंग कुरतडायची. कुरु कुरु, कुरु कुरु.
आधी मिरीचा दात, मग बाकीच्यांचे. रानाची रीतच तशी.

यंदाही शिंग पडलं. धप्प! पण हाक आली नाही. सांबर टेकडीआड जाऊन आडवा झाला. उठलाच नाही. मिरीनं ते पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. हाकेशिवाय दात कसा लावायचा? बसली वाट बघत, वेडी! एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बघते तर शिंग नाही! काटेवाल्या सायाळीनं ते बिळात ओढून नेलं होतं. खर्र खर्र, खर्र खर्र.

मिरी गेली बिळाशी. तुरु तुरु, तुरु तुरु.
"सायाळबाई, सायाळबाई, शिंग दे!"
"तीन दिवस झोपली होतीस का गं?"
"हाकेची वाट बघत होते."
"हाक काय खायची असते? माझी पिल्लं उपाशी आहेत. कंद आण. मग शिंग ने."

मिरी गेली मातीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"मातीमावशी, मातीमावशी, कंद सोड!
सायाळ शिंग देईना.
सांबराचं शिंग ते, पहिला दात माझा!"
माती म्हणाली, "मी वाळून खडक झालेय. ओढ्याचं पाणी आण. मग कंद सोडते."

मिरी गेली ओढ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे!
माती कंद सोडेना,
सायाळ शिंग देईना.
सांबराचं शिंग ते, पहिला दात माझा!"
ओढा म्हणाला, "हा धोंडा बघ कसा आडवा बसलाय! त्याला हलव. मग पाणी देतो."

मिरीनं धोंड्यावर टकटक केलं. टक टक, टक टक.
"धोंडोबा, धोंडोबा, वाट दे!
ओढा पाणी देईना,
माती कंद सोडेना,
सायाळ शिंग देईना.
सांबराचं शिंग ते, पहिला दात माझा!"
धोंडा म्हणाला, "मी आपणहून कधी हललोय का? डुकराला आण. त्यानं ढुशी दिली तर वाट देतो."

मिरी गेली रानडुकराकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"डुकरोबा, डुकरोबा, ढुशी दे!
धोंडा वाट देईना,
ओढा पाणी देईना,
माती कंद सोडेना,
सायाळ शिंग देईना.
सांबराचं शिंग ते, पहिला दात माझा!"
डुक्कर म्हणालं, "हुंक! रिकाम्या पोटी ढुशी? मोहाची फुलं आण. मग ढुशी देतो."

मिरी गेली मोहाच्या झाडाकडे. पाय दुखले होते. तुरु... तुरु... तुरु...
"मोहआजी, मोहआजी, फुलं टाक!
डुक्कर ढुशी देईना,
धोंडा वाट देईना,
ओढा पाणी देईना,
माती कंद सोडेना,
सायाळ शिंग देईना.
सांबराचं शिंग ते, पहिला दात माझा!"

मोहआजी म्हणाली, "नाही टाकणार. माझी पहिली फुलं सांबर खातो. रोज पहाटे येतो, इथे खाली उभा राहतो. किती दिवस झाले, आला नाही. त्याला घेऊन ये. मग फुलं टाकते."

मिरी पायानं माती उकरत राहिली.
"अगं, बोल की! मी मुळांनी बांधलेली. मी कुठे बघायला जाऊ?"

मिरीनं शेपूट पोटाशी घेतली. इतके दिवस जे बोलली नव्हती, ते बोलली.
"आजी, सांबर मेला."

वारा नव्हता. तरी आजीची फांदी न् फांदी हलली.
टप.
टप टप.
टप टप टप टप!

रानभर फुलं सांडली. "घ्या रे," आजी म्हणाली, "आता तुम्हीच खा."

डुकरानं फुलं खाल्ली. मचक मचक!
डुकरानं ढुशी दिली. धाड!
धोंड्यानं वाट दिली. गडगड गडगड!
ओढ्यानं पाणी दिलं. खळखळ खळखळ!
मातीनं कंद सोडले. पिल्लं जेवली.
आणि सायाळीनं शिंग बाहेर ढकललं. खर्र खर्र, खर्र खर्र.

"घे बाई तुझं शिंग. लाव दात."

मिरीनं शिंग हुंगलं. अजून सांबराचा वास होता. तिनं पहिला दात लावला. कुरु कुरु. डोळ्यांतून पाणी आलं. कुरु कुरु. आणखी आलं.

सायाळ शेजारी येऊन बसली. काटे मिटून बसली, मिरीला टोचू नयेत म्हणून.
"रडतेस काय गं? खा ना!"
"दोन्ही करतेय," मिरी म्हणाली.

कुरु कुरु, कुरु कुरु.