डोंगर नको म्हणाला

एका राज्यात एक डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात सात रांजण सोनं होतं. दरबारच्या मांत्रिकाने ही गोष्ट राजाच्या कानात सांगितली मात्र, राजाने डोंगरावरचा पाडा नदीपलीकडच्या खडकाळ माळावर हाकलून दिला. त्या दिवशी डोंगरावरचा झरा आटला, धनेश पक्षी उडून गेला आणि राजवाडा रोज वीतभर जमिनीत रुतू लागला.

पायऱ्या गेल्या, दारं गेली. राजा खिडकीतून ये-जा करू लागला, तेव्हा मांत्रिकाचे सगळे मंत्र संपले. मग राजाने पाड्याची भगतीण, देवा-डोंगराशी बोलणारी सकरी, हिला बोलावणं धाडलं.

"हा शाप सोडव आणि तीन कामं कर," राजा म्हणाला. " आटलेला झरा वाहता कर, उडून गेलेला धनेश पक्षी परत आण आणि सोनं वर काढ. मग डोंगर तुमचा."

माळावर कंद उगवत नव्हता, पोरं उपाशी निजत होती. सकरीला डोंगर हवाच होता. ती तडक निघाली.

डोंगरातली माणसं न विचारता काडीसुद्धा तोडत नसत. सकरीने मातीवर तळहात टेकला.

"झरा सोडतोस का?"

"सोडतो," डोंगर म्हणाला, आणि पाणी खळाळलं.

"धनेशाला बोलवू का?"

"बोलव."

आभाळ घुमवत धनेश आला, उंबराच्या फांदीवर बसला आणि म्हणाला, "माणसं कुठं आहेत?"

"सोनं नेऊ का?"

डोंगर म्हणाला, "नको."

समोर, झऱ्याच्या पाण्याने मोकळ्या झालेल्या गुहेत, सातही रांजण उघडे होते. सोन्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. धनेश म्हणाला, "घे आणि चल. कोण बघतंय?" सकरी ढसाढसा रडली आणि रिकाम्या हातांनी दरबारी गेली.

"डोंगर सोन्याला 'नाय' बोलला."

"मग डोंगर आमचा," राजा म्हणाला, आणि सिंहासनासकट कमरेपर्यंत खाली गेला.

"'नाय' ऐकायचं नसंल तर इचारायचं कशाला? तू इचारलंस का कधी?" सकरी म्हणाली. डोंगरातली माणसं देवालाही अरे-तुरे करत, तिथे राजा कोण लागून गेला!

राजाने जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याने हात मातीवर टेकले. "भुई, आम्ही इथे राहू का?"

भुई म्हणाली, "माझ्या माणसांना विचार."

सारा दरबार थक्क झाला. राजाने सकरीपुढे हात जोडले. "आम्ही राहू का?"

"मी एकली कशी सांगू? पाडा बसंल, मंग सांगंल."

पाडा माळावर गोल बसला. म्हाताऱ्यांना विचारलं, बायांना विचारलं, बोलायला लाजणाऱ्यांनाही विचारलं. तीन दिवस राजा छातीभर मातीत वाट बघत राहिला. चौथ्या दिवशी सकरी निरोप घेऊन आली.

"आधी आमी घरी जातो. मंग तू राहा."

पाडा नदी ओलांडून डोंगर चढला. एकेक झोपडी उभी राहिली, तसा राजवाडा वीत-वीत वर आला. शेवटच्या झोपडीला दार लागलं, तेव्हा कुठे राजाला पाय सोडवता आले. शाप सुटला. सोनं जिथलं तिथे राहिलं, माणसं जिथली तिथे आली. ज्याची माती त्याच्या पायाखाली राहो.