बुरूडआळीचे गूळपाणी

पूर्वी गंगेच्या काठी अंबवती नावाच्या नगरीत उदयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका अमात्यकुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुघोष. वडिलांच्या मागे तोच राजाचा अमात्य झाला आणि शांतपणे आपले काम करीत राहिला. राजा मनाने फार चांगला होता. फक्त चांगले काम चटकन उरकून टाकावे, अशी त्याला घाई असे.

लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा राजाने कोठारे उघडली. वेशीबाहेरच्या प्रत्येक घरी पौर्णिमेच्या पौर्णिमेला सूपभर तांदूळ जाऊ लागला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि कोशाध्यक्ष कोठारांचा हिशोब काढू लागला. "महाराज, ज्यांना गरज नाही तेही घेत असतील. खरे गरीब कोण ते एकदा मोजून टाकू आणि बाकीच्यांचे धान्य बंद करू," तो म्हणाला. राजाला हे पटले. आता गरीब ओळखायचा कसा, यावर सभा बसली.

कोणी म्हणाले, छपरे पाहा. पण त्या वर्षी साऱ्यांचीच छपरे गळत होती, राजवाड्याचेही एका कोपऱ्यात गळत होते. कोणी म्हणाले, कपडे पाहा. शेवटी कोशाध्यक्षाने युक्ती काढली. "माणूस धान्य लपवील, पण पाहुण्यापुढे जे ठेवतो ते कसे लपवील? आपला अधिकारी घरोघर जाऊन बसेल. जिथे काशाच्या पेल्यातून पाणी आणि सोबत गूळ मिळेल, ते घर गरीब नाही." सभेला ही कसोटी फार आवडली. बोधिसत्त्वाला मात्र ती खटकली. पण कुठे चुकते ते त्यालाही नेमके सांगता येईना.

मोजणीचे काम देवल नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले. देवल अंगाने स्थूल, स्वभावाने गोड आणि चालीने संथ होता. लबाडी त्याला करता येत नसे, आणि दुसऱ्याची ओळखताही येत नसे. तो सर्वांत आधी बुरूडआळीत गेला. तिथली माणसे नदीकाठचा बांबू आणून सुपे, टोपल्या आणि परड्या विणीत. घरे एका ओळीत होती. पुढे रस्ता, मागे परस, आणि दोन परसांच्या मध्ये कमरेएवढे कुंपण.

दारात आला की देवल आधी वहाणा काढी. त्याला वाकायला कष्ट पडत. मग आत बसे, पाणी पिई, गुळाचा तुकडा मोडून तोंडात टाकी, मुलाबाळांची चौकशी करी, आणि बाहेर येऊन पुन्हा वहाणांशी झटापट करी. तोवर पुढच्या घरी पाणी भरून तयार असे. सगळ्या आळीत त्याचे असेच आगतस्वागत झाले आणि तो तृप्त मनाने परतला.

"महाराज, बुरूडआळीत कोणीही गरीब नाही," तो दरबारात म्हणाला. "घरोघर काशाचा पेला आहे. पेल्याच्या काठाला चेप देण्याची त्यांच्यात पद्धत असावी, कारण प्रत्येक पेल्याला तो होता. गूळही सगळीकडे मिळाला. आळीच्या सुरुवातीची माणसे जास्त दिलदार, त्यांनी लिंबाएवढा खडा पुढे केला. मध्यावर सुपारीएवढा होता. टोकाच्या घरी सोणा नावाची म्हातारी राहते, ती जरा चिकट वाटली. तिने चिंचोक्याएवढाच ठेवला."

दरबार हसला. बोधिसत्त्वही हसू लागला होता, पण त्याचे हसू अर्ध्यावरच थांबले. तो देवलाच्या भोळ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. इकडे राजाने बुरूडआळीचा तांदूळ बंद करण्याची आज्ञा दिली, आणि वाचलेल्या धान्यातला वाटा अमात्यांनाही मिळेल असे आनंदाने जाहीर केले.

दोन पौर्णिमा गेल्या. आळीतून कोणीही तक्रार घेऊन आले नाही. कोशाध्यक्ष म्हणाला, "बघा, कुठे कुरकूर आहे?" बोधिसत्त्वाला मात्र ही शांतता सहन होईना. बाजारात बुरुडांच्या कोयत्या विकायला आलेल्या त्याने पाहिल्या होत्या. ज्या कोयतीने बांबू चिरायचा तीच विकली, तर पुढे विणायचे काय?

एका दुपारी तो साधे उपरणे पांघरून नदीच्या बाजूने आळीच्या टोकाशी गेला. सोणा म्हातारी परसात बसून बांबूच्या कामट्या काढीत होती.

"आजी, थोडे पाणी मिळेल का?"

"मिळेल की! पाण्याला कोण नाही म्हणतं? बस बाबा, असा सावलीत बस," म्हातारी म्हणाली, आणि लगबगीने कुंपणाशी जाऊन हलक्या आवाजात बोलली, "अगं खेमे, पाहुणा आलाय."

खेमा पलीकडच्या कुंपणाशी गेली. तिथली बाई त्याच्या पलीकडे गेली. निरोप तसाच आळीच्या पहिल्या घरापर्यंत पोहोचला. तोवर पाहुण्याला गुंतवून ठेवणे सोणाकडे आले. तिने त्याला विचारले, पाय दुखतात का, आई आहे का, घरी वेळेवर जेवतोस ना. मग तिच्या लहानपणी नदी केवढी मोठी होती ते सांगितले. बोधिसत्त्वाला सगळे उमगले होते. म्हातारीला धीर यावा म्हणून तोही सावकाश एकेक विचारीत राहिला. सुपाची कड कशी वळवतात, परडी सैल का विणतात. बोलता बोलता त्याला दिसले, की काशाचा एक पेला उन्हात चमकत एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर, या हातातून त्या हातात असा येत आहे. साऱ्या आळीत तो एकच पेला होता. बोधिसत्त्वाचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून तो वाकून पायातला काटा शोधू लागला.

पाणी आले. पेल्याच्या काठाला चेप होता.

"गूळ काय, आत्ताच संपला बघ," सोणा म्हणाली. "काल जरा गोडाधोडाचं झालं घरात."

घराच्या दारात तिची नात बिंबी एका जुन्या लुगड्यात आपले कपडे बांधीत होती. वयाने पंधरा-सोळा असेल. आई-बाप दुष्काळात गेल्यावर आजीनेच तिला वाढवले होते.

"ही कुठे निघाली?" बोधिसत्त्वाने विचारले.

"सार्थवाहाच्या तांड्याबरोबर, दक्षिणेकडं. त्याच्या घरी कामाला बाई पाहिजे. उद्या सकाळी तांडा निघतो. जाईल, चार देश बघेल पोरगी."

"मला नाही बघायचे देश," बिंबी मान वर न करता म्हणाली. "आजी, तू एकटी कशी राहशील?"

"गप! पाहुण्यापुढं असं बोलतात?" सोणा तिच्यावर ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "तिथं निदान दोन वेळ..." एवढे बोलून ती थांबली आणि पुन्हा कामट्या काढू लागली. कामट्या वेड्यावाकड्या निघत होत्या.

बोधिसत्त्व पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. दक्षिणेकडे गेलेली मुलगी परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. त्याने काहीही विचारले नाही. विचारले असते तर म्हातारीने हसून आणखी एक खोटे सांगितले असते, आणि ते तिला फार जड गेले असते. नमस्कार करून तो उठला आणि थेट राजाकडे गेला.

त्याचे बोलणे ऐकून राजा संतापला. "म्हणजे साऱ्या आळीने मिळून माझ्या माणसाला फसवले! एकच पेला घरोघर फिरवला!"

कोशाध्यक्ष म्हणाला, "दंड केला पाहिजे, महाराज."

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "महाराज, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी शेजारचे राजे आपल्याकडे आले होते. चाऱ्याअभावी आपण हत्ती आधीच विकून टाकले होते. मग पाहुण्यांना ज्याच्यावर बसवून मिरवले तो हत्ती कोणाचा होता?"

राजाने कोशाध्यक्षाकडे पाहिले. कोशाध्यक्ष छताकडे पाहू लागला.

"नगरशेठचा," राजा पुटपुटला.

"आणि अंबारी?"

"तीही त्याचीच." राजाला हसू फुटले. "आणि जेवणाची चांदीची ताटे दुसऱ्या एका व्यापाऱ्याची! मिरवणूक संपेपर्यंत मला धाकधूक, की तो हत्ती मध्येच आपल्या घराकडे वळेल." तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"सुघोषा, त्या राजांकडे त्या वर्षी धान्य भरपूर होते," तो म्हणाला. "मला वाटले होते, आपली दशा बघून ते आपण होऊन गाड्या पाठवतील. हत्ती पाहिला आणि त्यांना वाटले, उदयसेनाला काय कमी आहे? आणि मागायला माझी जीभ रेटली नाही. त्या हिवाळ्यात या नगरीत माणसे मेली."

"होय महाराज. त्या म्हातारीचा मुलगा आणि सूनही त्यातच गेली."

राजाने मान खाली घातली. त्याच्या मनात राग उरला नव्हता. "मग गरिबी मोजू तरी कशी? कपडे पाहावेत तर तेही मागून आणतील. विचारावे तर नाही म्हणतील."

"पाहुण्यापुढे काय ठेवतात ते मोजू नये, महाराज. पाहुणा उठून गेल्यावर घरात काय उरते, ते पाहावे. पण ते पाहुण्याला दिसत नाही, शेजाऱ्यालाच दिसते. आपल्या अधिकाऱ्यांनी त्या त्या आळीत घर करून राहावे. चार महिने शेजारी राहिले की कोणाची चूल कधी पेटते ते विचारावे लागणार नाही. आणि तोवर कोणाचे काही बंद करू नये. ज्याला गरज नाही अशा एखाद्याच्या घरी सूपभर तांदूळ जास्त गेला तर कोठार रिकामे होत नाही. ज्याला गरज आहे त्याचा चुकला तर माणूस देशोधडीला लागतो."

"पण आज धान्य पाठवले तर ते घेतील का? आम्ही कुठे मागितले, असे म्हणतील."

"आपल्या माणसाने त्यांच्या घरोघरी पाहुणचार घेतला आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "तो परत करणे एवढेच आता आपल्याकडे राहिले. पहिल्या गाडीत माझ्या वाट्याचे धान्य घाला, आणि गाड्या आळीच्या टोकाकडून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पहिली गाडी सोणाच्या दारात उभी राहिली. पुढे देवल होता. सारी हकिकत कळल्यापासून बिचाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"हे कशाचं?" म्हातारी दार अडवून उभी राहिली. "आम्ही काही मागितलं नाही."

"आजी, मी तुमच्याकडे गूळपाणी घेऊन गेलो होतो," देवल हात जोडून म्हणाला. "राजाघरी रीत आहे, पाहुणचार घेतला की परत करायचा. तुम्ही नाही म्हणालात तर माझी नोकरी जाईल."

"तेवढ्याशा गुळाचं एवढं?"

"मला गोड फार आवडतं, आजी."

म्हातारीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिले. त्याला सगळे कळले आहे हे तिला समजले, आणि तो ते कधी बोलणार नाही हेही समजले. ती दारातून बाजूला झाली. मग एकाएकी तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा, बिंबी! ती तर मघाशीच गेली वेशीकडं!"

तेव्हा अंबवतीच्या लोकांनी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. देवल पळाला. वहाणा तशाच टाकून, उपरणे सावरीत, धापा टाकीत तो वेशीपर्यंत पळाला. तांड्याच्या गाड्या चालू लागल्या होत्या. त्याच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून त्याने शेवटच्या गाडीचा दांडा धरला आणि तो नुसता आळीकडे बोट दाखवीत राहिला. बिंबीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि गाठोडे घेऊन खाली उडी मारली. घरी आली तेव्हा आजी तांदूळ पाखडीत होती. बिंबीने चूल पेटवली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सुयाम नावाच्या भिक्षूला सांगितली. कोष्ट्यांच्या गल्लीत भिक्षा भरपूर मिळते, टोकाच्या घरची म्हातारी उपासिका तर पात्र काठोकाठ भरते, तेव्हा ती माणसे चांगली सुखवस्तू असावीत, असे तो सकाळी सोबत्यांना म्हणाला होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, सुयाम आजच असा भुलला असे नाही, पूर्वीही तो असाच भुलला होता. तेव्हाचा देवल म्हणजेच हा सुयाम. राजा उदयसेन म्हणजे ज्याने हा विहार आपल्याला राहायला दिला तो उपासक. सोणा म्हणजे कोष्ट्यांच्या गल्लीतली ती उपासिका, आणि बिंबी म्हणजे तिच्याजवळ राहणारी तिची सून. आणि अमात्य सुघोष म्हणजे दुसरा कोणी नसून मीच होतो."

सुयामाने आपल्या पात्राकडे पाहिले. सकाळी तो पोटभर जेवला होता. मग त्याने विचारले, "भन्ते, मग उद्यापासून मी त्या दारी जाऊ नको का?"

"जा," शास्ते म्हणाले. "तू दार टाळलेस तर आपली गरिबी गल्लीला कळली असे तिला वाटेल. जा, पात्र पुढे कर, आणि पेजेची पहिली पळी पडताच पुरे म्हण. तिची भूक तुला कळावी, आणि तुला कळली हे तिला कळू नये. यालाच करुणा म्हणतात."