साळू बुरडीण आणि दगडी बाजार

एका राज्यात, जिथला बाजार सात कोस लांब असल्याचे लोक सांगत (आपण तीन धरून चालू), सुकेतू नावाचा राजा होता. त्याला बदल खपत नसे. त्याने चक्रपाद मांत्रिकाला आज्ञा केली, "माझा बाजार सदा एकसारखा राहील असा मंत्र घाल." आणि मेजवानीत मांत्रिकाला बसवले कुठे, तर हत्तींच्या मागे! चक्रपादाने मंत्र घातला, पण उलटा.

तेव्हापासून चौकातल्या खांबावर एक धनेश पक्षी बसू लागला. उजाडताच तो एक वस्तू पुकारी, आणि त्या दिवशी साऱ्या नगराला तीच हवी होई. दिवस मावळेपर्यंत जो ती विकणार नाही, तो दुकानासकट दगड होई. शाप सुटायला एकाच दुकानदाराने लागोपाठ तीन दिवस धनेशाची मागणी पुरवायला हवी होती.

हैबती बुरुडाची एके दिवशी सुपे खपली. त्याला वाटले, आता सुपांचेच राज्य आले. असेल नसेल तो बांबू संपवून त्याने चारशे सुपे विणली. सकाळी धनेश ओरडला, "आज करंडे!" संध्याकाळी बायको साळू रानातून बांबू घेऊन परतली, तो नवरा सुपांआड दगड होऊन बसलेला. तिने त्याच्या गालाला हात लावला. साळू ओक्साबोक्शी रडली, मग पदर खोचून खांबापाशी गेली.

"पक्षीराज, उद्या काय पुकारणार?"

"ते मलाही ठाऊक नसते."

"मग मी आज काय विणू?" साळू म्हणाली, आणि तिने काहीच विणले नाही. बांबू फोडून जाड, बारीक, मधल्या कामट्या काढल्या आणि पाण्याच्या डोणीत टाकल्या.

शेजारीण हसली. "अगं, तुझा माल कुठाय?"

"भिजतोय."

पहिल्या दिवशी धनेश ओरडला, "आज पाळणे!" म्हातारे ब्रह्मचारीही पाळण्यासाठी धावले. ओल्या कामट्या हव्या तशा वाकल्या. दुपारपर्यंत साळूचे पाळणे घरोघरी झुलू लागले. ते पाहून बाकीच्यांनी आपापली दुकाने पाळण्यांनी भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी धनेश ओरडला, "आज कोंबड्या झाकायची डालगी!" शेजाऱ्यांनी पाळणे उपडे घालून पाहिले. कोंबड्या त्यांच्या वाकड्या काठांखालून चालत बाहेर आल्या. साळूची डालगी मात्र खपली, आणि संध्याकाळी तिची शेजारीणही दगड झाली.

तिसऱ्या दिवशी धनेशाने घसा खाकरला. "आज कोणाला काहीच नको!"

धडाधड दारे लागली. कामट्यांची ओली मोळी काखेत मारून साळू घरोघर फिरली. "काही नको, बाई," सगळे म्हणाले. ऊन कलले. तिच्या पायांची बोटे दगड झाली. तिला फार भीती वाटली. आपण संपलो तर हैबतीला कोण उठवणार? फरफटत ती खांबापाशी येऊन बसली आणि वर पाहून म्हणाली, "नगराला काही नको. तुला?"

धनेशाची चोच उघडीच राहिली. "मला? मला कोणी कधी विचारले नाही."

"मी विचारते."

पक्षी लाजला. मग सारी ताकद लावून ओरडला, "आज एक इरले! माझ्यासाठी! पावसात डोके भिजते!"

शेतात बायका पावसासाठी डोईवर घेतात, तसेच इरले साळू विणू लागली, फक्त पाखराएवढे. गुडघे दगड झाले, कंबर झाली. हात चालत राहिले. सूर्य टेकता टेकता धनेशाने मान खाली केली आणि तिने इरले चढवले.

"बरोबर बसले," धनेश म्हणाला, आणि खांब सोडून उडाला.

सारा बाजार एकदम जागा झाला. राजा धावत आला, त्याने मांत्रिकाला बोलावून हात जोडले आणि त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवले. साळूला ते पाहायला सवड नव्हती. ती मोकळ्या पायांनी दुकानाकडे धावली.

हैबती डोळे चोळत होता. "साळू, भूक लागली गं."

ती भर बाजारात त्याच्या गळ्यात पडली आणि पोटभर रडली. तेवढ्यात दारात तीन गिऱ्हाइके येऊन उभी राहिली. एकीला रोवळी हवी होती, एकाला परडी, आणि तिसऱ्याला काय हवे ते त्याचे त्यालाच ठरवता येत नव्हते.

"जेवाल मग," साळू डोळे पुसत म्हणाली. "आधी उठा, धनी. गिऱ्हाईक खोळंबलंय."