खडकावरचा गडी

एका जंगलात एक काळवीट राहत असे. धावण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि मुलांनो, ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःलाच ठाऊक होती. त्या जंगलाला फुटबॉलचे भारी वेड. वेली गुंडाळून केलेला चेंडू, दोन्ही टोकांना दोन-दोन पळसांच्या मधला गोल आणि खेळ शिकवायला एक म्हातारा गवा. सामना सुरू झाला की काळवीट पहिल्या क्षणापासून सुसाट धावे. त्याला अडवता अडवता समोरच्यांच्या तोंडाला फेस येई. मग खेळ संपत आला की गवा त्याला बाहेर बोलावी आणि त्याच्या जागी एक मुंगूस धाडी. तोवर ते मुंगूस करंजाखालच्या खडकावर गुमान बसलेले असे. ते आत जाई, थकलेल्या पायांमधून सुळकन निसटे आणि गोल करून मोकळे होई. झाडांवरची माकडे त्याच्या नावाने फांद्या हलवीत. काळविटाचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नसे.

याने काळविटाच्या पोटात दुखे. कोवळा चारासुद्धा गोड लागू नये, इतके दुखे. बाहेर आला की तो मैदानाकडे पाठ फिरवून लांब बोरीखाली जाऊन उभा राही, म्हणजे मुंगसाचा गोल बघायला नको. "घुसळायचं मी आणि लोणी खायचं यानं," तो पुटपुटे. "आयत्या बिळावर नागोबा." आता मुंगसाला नागोबा म्हणायचे म्हणजे कमालच झाली, पण मत्सराने डोके तापले की असला विचार कोण करतो? बोरीखाली उभे राहण्यापायी आणखी एक गोष्ट त्याला कधी कळलीच नाही. आत सोडण्याआधी गवा मुंगसाला दर वेळी एकच प्रश्न विचारी, "काय दिसलं?" आणि त्याचे उत्तर ऐकल्याशिवाय त्याला मैदानात पाऊल टाकू देत नसे.

चैत्र आला. चैत्रात ओढ्यापलीकडच्या रानडुकरांशी सामना असे आणि तो नुसता गमतीचा नसे. उन्हाळ्यात त्या रानात पाणी टिके ते एकाच डोहात. सामना जिंकणाऱ्यांनी रोज तिथे आधी प्यायचे, हरणाऱ्यांनी मागून. रानडुकरे आधी गेली की पाण्यात यथेच्छ लोळत, आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला चिखल उरे. अशा सामन्याच्या सकाळी काळवीट गव्यापुढे येऊन उभा राहिला. "आज मी खडकावर बसणार," तो म्हणाला. "मुंगसाला आधी पळू दे. शेवटी मी जाईन."

"तुला बसणं जमणार नाही, बाळा," गवा म्हणाला.

"बसायला काय अक्कल लागते? बसेन, नाहीतर आज मी खेळतच नाही."

काळविटावाचून तर चालणार नव्हते. गव्याने मुंगसाकडे पाहिले. "माझी हरकत नाही," मुंगूस म्हणाले, "फक्त माझे पाय आखूड आहेत, एवढं ध्यानात ठेवा."

खेळ सुरू झाला आणि काळविटाचा आनंद गगनात मावेना. कारण मुंगसाची त्रेधा उडाली होती. लांबलचक मैदानात त्याची धाव पुरत नव्हती. चेंडू निसटला की काळवीट खडकावर खूश होई, मुंगूस धडपडले की आणखी खूश होई. त्याने क्षणभरही त्याच्यावरून नजर काढली नाही. मधेच मुंगसाने दोनदा खडकाकडे बघून शेपूट ओढ्याच्या दिशेला झटकली. 'आता मला सोडवा म्हणून विनवतोय,' काळवीट मनात म्हणाला, आणि त्याने मान ताठ केली. तरीही मुंगूस चिवटपणे झुंजत राहिले. दोन्ही बाजूंचा एकही गोल झाला नाही.

खेळ संपत आला तसा गवा खडकाजवळ आला. "काय दिसलं?" त्याने विचारले.

"मुंगसाला धाप लागलीय. चार पावलं नीट पळता येत नाही त्याला."

"ते मलाही दिसलं. रानडुकरांचं काय?"

समोर किती रानडुकरे होती, हेही काळविटाला धड सांगता आले नसते. गव्याने सुस्कारा सोडला. मुंगूस तर पार गळाठले होते आणि दुसरा गडी नव्हता. "जा," तो म्हणाला.

काळवीट आत गेला तो वाऱ्यासारखा. माकडांनी फांद्या हलवल्या, त्याच्या नावाने हलवल्या, आणि त्याची छाती फुगली. चेंडू घेऊन तो सरळ मधून घुसला. मधे एक दांडगे रानडुक्कर उभे होते. सुरुवातीपासून ते जागचे हलले नव्हते, त्यामुळे ते अजून ताजेतवाने होते. त्याने एका धडकेत काळविटाला लोळवले, चेंडू पुढे ढकलला, आणि काळवीट उठून उभा राहीपर्यंत तो जंगलाच्याच बाजूच्या दोन पळसांमधून पार झाला होता. तिथेच सामना संपला.

दुसऱ्या दिवसापासून जंगलातले सगळे मागून पाणी प्यायला जाऊ लागले. कोणी काळविटाला टाकून बोलले नाही, पण पाडसांना चिखलातून घोटभर पाणी शोधताना बघून त्याची मान वर होईना. एकदा डोहाकाठी तो मुंगसाशेजारी आला आणि म्हणाला, "तू माझ्या जागी असतास तर काय उत्तर दिलं असतंस?"

"ओढ्याकडचं रानडुक्कर लंगडतंय, त्याच्या बाजूनं जायचं," मुंगूस म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो की. दोनदा शेपटीनं दाखवलं. तू सारखा माझ्याकडंच बघत होतास, मला वाटलं तुला कळलं."

काळविटाने मान खाली घातली आणि समोरचा चिखल तोंडाला लावला.

तात्पर्य : बाहेर बसलेल्याचा खेळ आत जाण्याआधीच सुरू झालेला असतो, पण जो बसून नुसता दुसऱ्यावर जळतो, त्याला डोळे असून खेळ दिसत नाही.